पिंपरीचे सारंग

दाऊद सारंगांना मी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा ते पिंपरी स्टेशनच्या मालधक्क्यावर बसून एका चांगल्या दिसणाऱ्या दोराचे कोयत्यानं तुकडे करत होते. मी कारखान्याच्या गोदामात नुकताच कारकून म्हणून लागलो होतो. दोर आमच्या गोदामाचा, म्हणजे माझ्या ताब्यातला. मी धावतच गेलो.

"अहो, हे काय चालवलंय? नवा दोर आहे तो!"

त्यांनी मान वर केली नाही. "नवा दिसतो. आतून कुजलाय. भिजलेला तसाच गुंडाळून ठेवला कुणीतरी."

"मग बाजूला ठेवायचा. परत पाठवू."

"बाजूला ठेवला की कुणीतरी उचलतो, बाबू. अडला की माणूस काय पण उचलतो. कापला की मिटला."

आणि त्यांनी शेवटच्या वीतभर तुकड्यापर्यंत तो दोर कापला. मग हात झटकून उठले आणि मला सलाम करून निघून गेले. तो सलाम अगदी मनापासून होता, त्यामुळं मला धड रागावताही येईना.

सारंग हे त्यांचं आडनाव नव्हे. जहाजावरच्या खलाशांचा जो म्होरक्या असतो त्याला सारंग म्हणतात. दाऊदभाई मूळचे रत्नागिरीकडचे, खाडीकाठच्या एका गावचे कोकणी मुसलमान. मिसरूड फुटायच्या आत बोटीवर चढले आणि केस पिकल्यावर उतरले. मग समुद्र सोडून हा माणूस आमच्या पवनेकाठी, ज्वारी-बाजरीच्या मुलखात काय करत होता? तर तेव्हा पिंपरीच्या माळावर कारखान्यांचे पाये खणले जात होते. यंत्रं विलायतेहून यायची, मुंबईच्या गोदीत उतरायची आणि रेल्वेनं आमच्या धक्क्यावर येऊन पडायची. घराएवढाल्या पेट्या. त्या उतरवायला पुरेशा क्रेनी नव्हत्या. अवजड माल लाकडी खांब, साखळ्या, कप्प्या आणि दोर यांवर उचलायची विद्या खलाशांकडे. म्हणून कंत्राटदारांनी समुद्रावरून उतरलेली ही माणसं माळावर आणली. आमच्या कारखान्याच्या खलाशी टोळीचे सारंग दाऊदभाई.

बेताची उंची, रुंद खांदे, आणि डोक्यावर एक निळी लोकरी टोपी, ती चैत्रातही उतरायची नाही. हाताची बोटं पुरती उघडायची नाहीत की पुरती मिटायची नाहीत. जन्मभर ओले दोर ओढून ती अर्धवट वाकलेलीच राहिली होती. चहाचा पेला धरायचे तोही दोर धरल्यासारखा. वजन उचलायच्या आधी ते प्रत्येक दोर या टोकापासून त्या टोकापर्यंत तळव्यातून सरकवायचे. तेव्हा डोळे मिटलेले असायचे आणि ओठ हलायचे. नवीन माणसांना वाटायचं, दुवा मागतायत. मी एकदा जवळ जाऊन ऐकलं, तर ते त्या दोराला शिव्या देत होते.

काम चालू असताना बोलायची बंदी. आवाज फक्त सारंगांचा, आणि त्यातही दोनच शब्द. 'हबेस' म्हणजे उचल, 'आरिया' म्हणजे सोड. एकदा बॉयलर वर लटकलेला असताना कंत्राटदार पाहुण्यांना घेऊन आले. काही धोका नाही हे दाखवायला म्हणून ते हसत हसत बॉयलरच्या खाली जाऊन उभे राहिले. दाऊदभाईंनी दोर बांधून टाकायला सांगितला, बाजूच्या पेटीवर बसले आणि विडी पेटवली. कंत्राटदार म्हणाले, "चालू द्या, चालू द्या." दाऊदभाईंचा झुरका चालूच. शेवटी पाहुणेच ओशाळले आणि कंत्राटदारांना हाताला धरून बाहेर घेऊन आले. तेव्हा दाऊदभाई उठले.

"राग नको मानू, शेट. लटकत्या वजनाखाली पैगंबर उभे राहिले तरी दाऊद दोर हलवणार नाय."

चिंचवडला रेल्वेच्या रुळांलगत एका ओळीत खोल्या होत्या. त्यांतली एक माझी, तिच्या शेजारची त्यांची. ती त्यांनी मुद्दाम निवडलेली. जहाजाच्या इंजिनाच्या धडधडीत सगळी उमर गेल्यामुळं शांततेत त्यांना झोप लागत नसे. गाडी गेली की आम्ही बाकीचे दचकून जागे व्हायचो, आणि दाऊदभाई सांगायचे, "आता जरा डोळा लागला." घरमालकीण गोदूबाई माळकरीण. तिनं पहिल्याच दिवशी बजावलं होतं, की खोलीत मासळी शिजता कामा नये. दाऊदभाईंनी मान्य केलं. देहूरोडच्या बाजारातून सुके बोंबील आणायचे आणि रुळांपलीकडच्या बाभळीखाली तीन दगडांवर भाजायचे. वारा नेमका गोदूबाईच्या दाराकडं असायचा. ती नाकाला पदर लावून ओरडायची, "सारंग, तुमचा समुद्र आला हो घरात!" आणि ते तिकडून ओरडायचे, "बाय गो, वाऱ्याला मी काय सांगू?"

बायको वारलेली, एक मुलगी लग्न होऊन खाडीपलीकडं गेलेली. एवढंच मला ठाऊक होतं, आणि त्यांनी स्वतःहून त्यापेक्षा जास्त सांगितलं नाही. पिंपरी कॅम्पात कराचीहून आलेल्या एका सिंधी म्हाताऱ्याची चहाची टपरी होती. रविवारी दाऊदभाई तिथं जाऊन बसायचे. म्हाताऱ्याचं घरदार कराचीत राहिलेलं. यांनी त्या बंदरात कितीदा नांगर टाकलेला. कुठल्या गल्लीत कुठला हलवाई होता, धक्क्यावरून ट्राम कशी वळायची, असं ते दोघं एकमेकांना सांगत. दोघांनाही ते माहीतच होतं, तरी सांगत. 

टोळीत बहुतेक कोकणातले. स्थानिक म्हणावा असा एक किसन. निघोज्याचा, तीन भावांत धाकटा. जमीन थोरल्या दोघांनाच पुरत नव्हती, म्हणून हा रोज सायकल मारत पिंपरीला यायचा. इंद्रायणीच्या डोहात पोहून तयार झालेला, अंगानं बारीक पण चिवट. नुकतंच लग्न झालेलं. बायकोचं नाव चंद्रा. किसनला दोराचं वेड लागलं. गाठी मारायला शिकला, आणि घरच्या गाईचं दावं रोज नव्या गाठीनं बांधायला लागला. ते सकाळी कुणाला सुटेना, म्हणून थोरल्या भावाच्या शिव्या खायचा. ही हकिकत तोच जेवणाच्या सुट्टीत हसून सांगायचा.

"चाचा, समुंदर दिसतो तरी कसा?" तो विचारायचा.

"वावरासारखा. फक्त पाय ठेवायला जागा नाय."

"आन् बोटीवर काय काम करत व्हता?"

"गंज खरवडायचा आणि रंग लावायचा. रंग लावायचा आणि गंज खरवडायचा."

"बास? येवढंच?"

"एवढंच. बाकी सगळा पाणी."

दाऊदभाईंनी समुद्राची एकही सुरस गोष्ट कधी सांगितली नाही. पण सांगायचं टाळलं की ऐकणाऱ्याची भूक वाढतेच. बोलता बोलता लिव्हरपूल, मोंबासा, सिंगापूर अशी नावं त्यांच्या तोंडून निसटायची. किसन ती पाठ करायचा. इकडं पिंपरी आणि तिकडं चाकणचा बाजार, यापलीकडं कधी न गेलेला तो मुलगा ती नावं देवाच्या आरतीसारखी म्हणत सायकल हाणायचा.

सुएझचा कालवा बंद पडला त्या वर्षीची गोष्ट. कुठं ते मिसर, कुठं आमची पिंपरी! पण आमची यंत्रं ज्या बोटीवर होती, तिला कालव्यातून वाट मिळेना. ती सगळ्या आफ्रिकेला वळसा घालून येणार असं कळलं. आज येईल, महिन्यानं येईल, नक्की कुणी सांगेना. मालधक्का ओस पडला. कंत्राटदारांनी टोळीला सांगितलं, माल आला की बोलावतो, तोवर घरी बसा. दाऊदभाईंना आणि दोघा म्हाताऱ्यांना राखणीवर ठेवलं. किसन घरी बसला.

त्याच सुमारास एक माणूस दाऊदभाईंचा पत्ता काढत चिंचवडला आला. पांढरे बूट, दाताला सोनं. त्यांच्याच खाडीचा, आता मुंबईत जहाजांना माणसं पुरवणारा मुकादम. मी माझ्या दारात बसलो होतो, तिथून सगळं ऐकू येत होतं.

"सारंग, दिवस आलेत," तो म्हणत होता. "कालवा बंद, रस्ता लांबला. तेवढ्याच मालाला दुप्पट जहाजं लागतात. भंगारात निघालेल्या बोटी परत काढल्यात लोकांनी. रंग दिला की चालली. माणसं मिळत नायत. तुमी फक्त हो म्हणा."

दाऊदभाईंनी जहाजाचं नाव विचारलं. त्यानं काहीतरी परदेशी नाव सांगितलं.

"हे नवीन नाव. जुना काय?"

"जुना घेऊन काय करताय? झेंडा पण नवीन हाय."

"पुढच्या मालखान्यात उतरायची शिडी हाय ना, ती मधे वाकलीय काय?"

मुकादम हसायचा थांबला. "तुमाला कसा ठाऊक?"

दाऊदभाई उठले, आत गेले आणि त्यांनी दार लावून घेतलं. पाहुण्याच्या तोंडावर दार लावणारा हा माणूस नव्हता. मुकादम माझ्याकडं बघून खांदे उडवून चालता झाला.

संध्याकाळी त्यांनी मला बाभळीखाली बोलावलं आणि सांगितलं. शेवटची वर्षं ते त्याच बोटीवर सारंग होते. पाण्याखालच्या भागात, पुढच्या मालखान्याच्या कडेला, लोखंडाचा पत्रा गंजून पापडासारखा झाला होता. पाणी झिरपायला लागलं. पत्रा बदलायचा तर बोट गोदीत ठेवायला लागते, आणि तेवढे दिवस धंदा बंद. वरून हुकूम आला. दाऊदभाईंनी आतून लाकडी चौकट ठोकली, तिच्यात सिमेंट भरलं आणि वर रंग मारला. तपासणीस आला, कंदील फिरवला, सही करून गेला.

"वादळात अडकलो असतो आणि सिमेंट भरला असता तर वेगळी गोष्ट," ते म्हणाले. "जीव वाचवायला भरतातच. पण आमी धक्क्यावर उभे होतो, बाबू. धक्क्यावर उभं राहून मी भरला." पुढं ती बोट उभी करून ठेवली, भंगारात जाणार म्हणून. तेव्हाच त्यांनी समुद्र सोडला. त्यांना वाटलं होतं, बोट संपली की ते सिमेंटही संपलं.

मुकादम मात्र रिकाम्या हातानं परत गेला नव्हता. कामावरून बसवलेल्या पोरांची नावं त्यानं टपरीवर विचारून घेतली होती. चार दिवसांनी किसनचा थोरला भाऊ कारखान्याच्या फाटकाशी येऊन म्हणाला, "आमचा किसना हितं हाय का? मंबईला जातो म्हनून गेला, बोटीचं कायतरी बडबडत व्हता." परक्या झेंड्याची बोट. खलाशाचा परवाना आहे की नाही, हे तिथं कुणी विचारत नव्हतं.

दाऊदभाई मला म्हणाले, "बाबू, तुमी इंग्रजी बोलता. चला माझ्याबरोबर."

गोदीत ती बोट उभी होती. काळा नवाकोरा रंग, पांढरा पट्टा. तिच्या पोटात खनिजाची तांबडी माती ओतत होते आणि सगळा धक्का लाल झाला होता. राखणदार दाऊदभाईंच्या ओळखीचा निघाला. मला खाली उभं करून ते वर गेले. परत आले तेव्हा त्यांच्या नखांत पांढुरका चुरा होता.

"तिथंच हाय," ते म्हणाले. "माझाच हाय. वरून फक्त रंग नवा."

मागोमाग किसन उतरला. निळा डगला त्याला ढगळ होत होता. आम्हाला बघून त्याचा चेहरा फुलला.

"चाचा! भाऊसायेब! मला वाटलंच तुमी येनार!"

दाऊदभाईंनी त्याला सगळं सांगितलं. आवाज न चढवता, लहान मुलाला समजवावं तसं. पत्रा, पाणी, सिमेंट. खनिज किती जड असतं, आणि आफ्रिकेच्या टोकाशी लाटा कशा असतात. किसन ऐकत होता. ऐकता ऐकता त्याची नजर त्यांच्या खांद्यावरून पलीकडं, बंदराबाहेरच्या पाण्याकडं जात होती.

"चाचा, तुमी याच बोटीवर व्हता नव्हं?"

"व्हय."

"सिमिट भरल्यावं बी व्हता?"

"व्हय."

"आन् आला नव्हं माघारी?"

दाऊदभाईंनी नखांतला चुरा त्याच्यापुढं धरला.

"मंग म्या बी यीन. घरी बसून काय करू, सांगा. थोरला रोज ताटाकडं बघतो माज्या. चंद्राफुडं मान वर करता येत न्हाई." आणि मग हळूच, लाजल्यासारखा म्हणाला, "आन् चाचा, एकडाव बघायचं हाय हो मला."

तेवढ्यात वरून कुणीतरी हाक मारली. किसन वळला, तसं दाऊदभाईंनी त्याचं मनगट धरलं. ती वाकडी बोटं मी कधी कशाला इतकी घट्ट बसलेली पाहिली नव्हती. वरून पुन्हा हाक आली, या वेळी शिवीसकट. किसननं दुसऱ्या हातानं ती बोटं एक एक करून सोडवली. रागानं नाही. पायात रुतलेला काटा काढावा, तशी जपून सोडवली. मग वाकून त्यांच्या पायांना हात लावला आणि शिडी चढून गेला.

आम्ही बंदराच्या कचेरीत गेलो. अधिकारी सज्जन होता. त्यानं आमचं ऐकून घेतलं, कागद मागवले, बघितले. ज्या देशाचा झेंडा होता, त्या देशाचा दाखला होता. बोट धडधाकट असल्याचं त्यात लिहिलेलं होतं. "कागद व्यवस्थित आहेत," तो म्हणाला. "यावर मी काय थांबवू?" दाऊदभाईंनी नखांतला चुरा त्याच्या टेबलावर काढून ठेवला. अधिकाऱ्यानं तो पाहिला आणि खरोखरच खेद वाटल्यासारखा म्हणाला, "हा काही कागद नव्हे, सारंग."

बोट गेली.

बातमी मीच वाचली, कारखान्याच्या कचेरीत, इंग्रजी वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर. चार-पाच ओळी. आफ्रिकेच्या दक्षिणेला खराब हवेत त्याच नव्या नावाच्या मालवाहू बोटीचा मदतीचा संदेश मिळाला, त्यानंतर काही नाही. दुसऱ्या एका जहाजाला एक होडी तरंगताना दिसली. रिकामी.

दाऊदभाई धक्क्यावर दोराला दोर जोडत बसले होते. मी सांगितलं. त्यांनी "कुठं?" एवढंच विचारलं. मी सांगितलं. त्यांनी हातातलं काम पुरं केलं, दोर गुंडाळला, जागेवर नेऊन टांगला. मग परत येता येता मधेच, रुळांच्या बाजूला, खाली बसले.

निघोज्याला सांगायला आम्ही दोघं गेलो. चाकणपर्यंत मोटार, पुढं पायी. किसनचा बाप ओट्यावर बसला होता. दाऊदभाईंनी बातमी सांगितली. मग थोरला भाऊ अंगावर आला.

"तुमीच! तुमीच येड लावलं त्याला समुंदराचं! आमच्या सात पिढ्यांत कुनी खारं पानी पाह्यलं न्हाई!"

"व्हय," दाऊदभाई म्हणाले. "मीच."

म्हातारा बाप उठला आणि मोठ्या मुलाला म्हणाला, "पावन्याला पानी दे." थोरला जागचा हलला नाही. पाणी घेऊन आली ती चंद्रा. वीस-एकवीस वर्षांची, सावळी, ठसठशीत कुंकू. तांब्या त्यांच्या हातात न देता ती तशीच उभी राहिली.

"बुडली हे कुनी पाह्यलं?"

"कुणी नाय, बाय."

"मढं घावलं?"

"नाय."

"मंग कुनी सांगितलं तुमाला?"

दाऊदभाईंनी माझ्याकडं पाहिलं. मी म्हणालो, "पेपरात आलंय."

"पेपरात त्येंचं नाव हाय?"

नव्हतं. बोटीचंच तेवढं नाव होतं, तेही नवीन.

"मंग म्या कुकू पुसायची न्हाई," ती म्हणाली, आणि तांब्या त्यांच्या हातात दिला. मागून सासू रडायला लागली होती. चंद्रा रडली नाही. त्या दिवशी तरी नाही.

त्यानंतर बरेच महिने दाऊदभाई तिला घेऊन मुंबईच्या कचेऱ्या फिरत होते. घरच्यांना ते पसंत नव्हतं, गावही बोलत होतं. परक्या माणसाबरोबर, त्यातून मुसलमानाबरोबर. म्हाताऱ्या सासऱ्यानं मात्र सांगून टाकलं, "जाऊ द्या तिला. मला चालवत असतं तर म्या गेलो असतो." दोनदा मीही बरोबर होतो. मुकादमाच्या जागी दुसऱ्याच कुणाची तरी पाटी लागलेली होती. बोटीचा झेंडा एका देशाचा, मालक दुसऱ्या देशातला, कारभार बघणारी कचेरी तिसरीकडं. मुंबईतल्या दलालानं सांगितलं, आम्ही फक्त माल भरून दिला. माणूस गेल्याचा साधा दाखला द्यायला कुणी तयार नव्हतं, कारण बोटीवर किसन नावाचा कुणी होता, हेच कुणी कबूल करेना.

एका सरकारी कचेरीत चंद्राला बाहेर बाकावर बसवून आम्ही आत गेलो. तिथल्या साहेबांना दाऊदभाई म्हणाले, "साहेब, बोट कशानं बुडली ती मला ठाऊक हाय. माझा जबाब लिहून घ्या."

"जहाज आपल्या झेंड्याचं नाही, मियाँ. चौकशी झालीच तर तो देश करील."

"तो देश कुठं हाय?"

साहेबांनी भिंतीवरच्या नकाशाकडं बोट केलं. पृथ्वीच्या पार दुसऱ्या अंगाला, दोन समुद्रांच्या मधली एक चिंचोळी पट्टी. दाऊदभाई नकाशाजवळ जाऊन बघत राहिले.

"तिथं मी किती वेळा गेलोय," ते म्हणाले. "तिथल्या कुणाला ही बोट माहीत पण नसेल."

"शक्य आहे."

"मग माझा गुन्हा तरी लिहा. सिमेंट मी भरला. रंग मी मारला. मला धरा."

साहेब क्षणभर गोंधळले. मग त्यांनी पेनाला टोपण लावलं. "कोणत्या कलमाखाली धरू?" ते म्हणाले. त्यात चेष्टा नव्हती. त्यांना खरंच कलम सापडत नव्हतं.

बाहेर आल्यावर चंद्रानं विचारलं, "काय म्हनलं?"

"माझा गुन्हा त्यांच्या हद्दीत येत नाय, बाय."

तिनं त्यांच्याकडं बराच वेळ पाहिलं. सिमेंटाची गोष्ट तिला त्यांनी पहिल्याच फेरीत सांगितली होती, हे मला नंतर कळलं. "चला," ती म्हणाली, "गाडी चुकंल."

कालवा उघडला. वाट जवळची झाली, भाडी उतरली, आणि कामाला लावलेल्या म्हाताऱ्या बोटी मुकाट भंगारात गेल्या, असं वाचनात आलं. आमची यंत्रंही आली. टोळीला बोलावणं गेलं. पहिली पेटी बांधून तयार झाली, माणसं दोर धरून उभी राहिली आणि सारंगांच्या तोंडून शब्द फुटेना. त्यांनी दोर पुन्हा तपासला. पुन्हा तपासला. दुपार झाली तरी ते तपासतच होते. माणसं ताटकळली, कुणीतरी हसलं. कंत्राटदारांनी दुसऱ्याला पुढं केलं. दाऊदभाईंनी कुरकूर केली नाही.

त्या दिवसांत एकदा गोदूबाई त्यांच्या दाराशी गेली. ते जेवत नाहीत हे तिच्या ध्यानात आलं होतं. "सारंग," ती म्हणाली, "पाऊसपाण्यात बाभळीखाली कशाला बसता? आतच भाजत जा काय ते. मी माझं दार लावून घेईन." त्यांनी हात जोडले. पण त्यानंतर त्या खोलीत काही शिजल्याचं मला आठवत नाही. पुढच्या महिन्यात ते खोली सोडून गेले. कुठं जातो ते सांगितलं नाही, आणि आम्ही सगळे धरून चाललो की गावी, मुलीकडं गेले असतील.

चंद्राला मी कारखान्यात बाटल्या धुवायच्या कामाला लावून दिलं. भोसरीत खोली घेऊन ती एकटी राहायला लागली. बायका तिच्या कुंकवाकडं बघून कुजबुजायच्या. ती खाली मान घालून बाटल्या धुवायची.

दीड-दोन वर्षांनी कारखान्याचा माल सोडवायला मला मुंबईच्या गोदीत पाठवलं. सकाळची वेळ होती. दरवाजाबाहेर बोटीवर जायला आलेल्या पोरांची गर्दी. कोकणातली, देशावरची, कुठकुठची. बगलेत वळकट्या, डोळ्यांत तीच हाव. त्या गर्दीत दाऊदभाई होते. अंग निम्मं झालं होतं, दाढी वाढलेली. एकेका पोराच्या खांद्याला हात लावून ते विचारत होते, "कुठली बोट? जुना नाव काय तिचा? विचारलंस काय?" पोरं हात झटकत होती. मुकादमाच्या दोघा माणसांनी त्यांना दंडाला धरून रस्त्याच्या कडेला नेऊन सोडलं, सवयीचं असल्यासारखं, फारसं जोरात नाही. ते कपडे झटकून पुन्हा गर्दीत शिरायला निघाले, तेव्हा मी समोर उभा राहिलो.

त्यांनी लगेच ओळखलं. चहाला चला म्हटलं, तर मान हलवली.

"कुणी ऐकतं का, दाऊदभाई?"

"एक पोरगा गेला परत. देवगडचा. आईनं बोलावलं म्हणून गेला असेल, कुणाला ठाऊक." मग म्हणाले, "चंद्रा बाय कशी हाय?"

"कामाला आहे आमच्याकडं. बरी आहे."

"कुंकू?"

"लावते."

त्यांनी मान खाली घातली. मी खिशात हात घातला, तसे ते मागं सरकले.  कुठं राहता, काय खाता, हे विचारायचं मनात होतं. तेवढ्यात ट्राम थांबली आणि तिच्यातून पाच-सहा पोरं उतरली. नवे डगले, एकाच्या हातात पत्र्याची पेटी, तिच्यावर बायकोनं की बहिणीनं काढलेली वेलबुट्टी. ती पोरं हसत, एकमेकांना ढकलत दरवाजाकडं निघाली. दाऊदभाईंचं माझ्याकडचं लक्ष उडालं. ते वळले आणि त्यांच्या मागं जायला लागले. आधी चालत, मग पोरांचे पाय तरणे म्हणून, धावत.